प्रोस्टेटची हॉर्मोन थेरपी सुरू झाली की घरात काय काय करायचं

ह्यांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हॉर्मोन थेरपीचं पहिलं इंजेक्शन होऊन पाच आठवडे झाले असतील. रात्री दोनच्या सुमाराला ह्यांनी अंगावरची चादर फेकली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. बनियन पाठीला चिकटलेलं, कानाच्या पाळ्या लालभडक. म्हणाले, "ताप आलाय गं, मलेरियाच असणार." थर्मामीटर लावला तर अठ्ठ्याण्णव. दहा मिनिटांत घाम वाळला आणि त्यांना थंडी वाजायला लागली. तो सगळा क्रम मी ओळखला. माझी पाळी गेली तेव्हा दोन वर्षं मी हेच काढलं होतं. म्हटलं, "ताप नाही हो. ह्या वाफा आहेत, मला यायच्या तशाच." त्यांना ते पटायला सकाळ उजाडली.

इंजेक्शन जिथे घेतलं तिथे आम्हाला "थोडं गरम होईल, घाबरू नका" एवढंच सांगितलं होतं. हाडांचं, स्नायूंचं, साखरेचं, मनाचं कोणी काही बोललं नाही. ते सगळं पुढच्या दीड वर्षात आम्ही ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या घरात एकेक करून शिकलो. काही डॉक्टरांना खोदून विचारून, काही चुकून. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांचा तो वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. हे त्रास औषधाचे आहेत, वयाचे नाहीत. औषधाचे आहेत म्हणजे ते मोजता येतात, डॉक्टरांपुढे मांडता येतात, काही तर सुरू व्हायच्या आधीच अडवता येतात. "आता सत्तरीला आलो, चालायचंच" म्हणून सोडून दिलेला त्रास दोन वर्षांनी खुब्याचं हाड मोडून पुढे येतो.

शरीरात काय होतं

प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषाच्या मुख्य हॉर्मोनवर, पोसल्या जातात. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. तेव्हाचा उपाय होता वृषणं काढून टाकण्याचा. ते ऑपरेशन आजही होतं. एकदाच खर्च येतो, दर तीन महिन्यांनी सुई टोचून घ्यावी लागत नाही, म्हणून आपल्याकडे अनेक जण ते निवडतात. इंजेक्शनं तेच काम वेगळ्या वाटेने करतात. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही औषधं मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला आधी चेतवतात आणि मग गप्प करतात, डेगारेलिक्स पहिल्यापासूनच गप्प करतं. टेस्टोस्टेरॉन एका डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं पाहिजे, असं धरलेलं असतं. निरोगी पुरुषात ते साधारण ३०० ते १००० असतं.

बाईचे हॉर्मोन्स काही वर्षं घेत हळूहळू उतरतात. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन या औषधांनी तीन-चार आठवड्यांत तळाला जातं. त्यामुळे शरीराला बसणारा धक्का मोठा असतो आणि घरातल्यांना माणूस एकदम बदलल्यासारखा वाटतो.

इंजेक्शनच्या आधी आणि पहिल्या महिन्यात

ल्युप्रोलाइडसारख्या औषधांनी पहिले दोन-तीन आठवडे टेस्टोस्टेरॉन आधी चढतं. हाडांमध्ये आजार पसरलेला असेल तर या काळात दुखणं वाढू शकतं किंवा लघवी अडकू शकते. हे टाळायला डॉक्टर बहुधा बायकॅल्युटामाइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं काम अडवणारी, गोळी काही आठवडे देतात. ती इंजेक्शनच्या आधी सुरू करायची की त्याच दिवशी, आणि बंद कधी करायची, हे विचारून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

या तपासण्या सुरुवातीलाच करून ठेवा, म्हणजे पुढे कशाशी ताडून बघायचं ते हाताशी राहतं: पीएसए (प्रोस्टेटच्या आजारावर लक्ष ठेवायची रक्ततपासणी), टेस्टोस्टेरॉन, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हरच्या टेस्ट, व्हिटॅमिन डी, ब्लड प्रेशर, वजन आणि बेंबीवरून कमरेचा घेर. कमरेचा घेर कोणी मोजत नाही. मी शिवणाच्या टेपने मोजला, ८९ सेंटिमीटर भरला. पुढे तोच आकडा सगळ्यात जास्त कामाला आला.

पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल, मधुमेह असेल, पूर्वी कधी नैराश्याची औषधं घेतली असतील, तर इंजेक्शन टोचायच्या आधी सांगा. डॉक्टर आपणहून विचारतीलच, असं धरून चालू नका.

आणि दोनशे पानी वही आणा. आमच्या वहीत डावीकडच्या पानावर तारीख आणि त्रास, उजवीकडच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असतात. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. तिथे आठवून आठवून बोलायला लागलं की हे हमखास "बरं आहे" म्हणून उठायचे. वही आल्यापासून पान वाचूनच दाखवतो.

इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही. लग्न, गावची जत्रा, गणपती, काहीही असो. गावाला जायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवून घ्या. इंजेक्शन आपण विकत आणून नेत असाल तर ते फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर, हे मेडिकलवाल्याला विचारा. प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. टोचलेल्या जागी लाल होणं, गाठ लागणं, थोडं दुखणं हे होतं, आणि डेगारेलिक्सने जरा जास्तच होतं. लाली पसरत गेली किंवा ताप दोन दिवसांहून अधिक राहिला तर मात्र दाखवा.

वाफा

हॉर्मोन थेरपी घेणाऱ्या बहुतेक पुरुषांना वाफा येतात. छातीतून गरम लाट उठते, मान-चेहरा तापतो, दरदरून घाम फुटतो आणि मागाहून हुडहुडी. कोणाला दिवसातून दोनदा, कोणाला पंधरा वेळा.

आधी एक आठवडा नुसतं लिहा: किती वाजता आली, त्याच्या अर्धा तास आधी काय खाल्लं-प्यायलं, कुठे होतो. ह्यांच्या वहीत तिसऱ्याच दिवशी दिसलं की दुपारच्या चहानंतर वाफ येतेच येते. चहा बंद केला नाही, बंद केला असता तर घरात दुसरंच काहीतरी पेटलं असतं. कप लहान केला आणि चहा कोमट प्यायला लागले. दिवसाच्या वाफा जवळजवळ निम्म्यावर आल्या. झणझणीत रस्सा, दारू, कढत पाण्याची आंघोळ, घाईगडबड आणि चिडचिड यांनी वाफा वाढतात. तुमच्याकडे त्यातलं काय लागू पडतं ते तुमची वहीच सांगेल.

रात्रीसाठी पांघरुणाचे थर करा. एक जाड गोधडी काढून टाकून दोन पातळ सुती चादरी द्या, म्हणजे एकेक काढता येते. बनियन आणि झोपायचे कपडे सुती. उशाशी घडी घातलेलं कोरडं बनियन, नॅपकिन आणि पाण्याची बाटली, म्हणजे दिवा लावून कपाट उघडायला नको. ठाण्यात मे महिन्यात हवा अशी दमट असते की घाम वाळतच नाही, तेव्हा पंख्याचा झोत थेट अंगावर येईल असा पलंग फिरवला. लाट उठल्यासारखी वाटली की हळू श्वास, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. लाट थांबत नाही, पण घाबरण्याने ती वाढायची तेवढी वाढत नाही.

यानेही झोप मोडत असेल तर सोसत बसू नका. वाफांवर औषधं आहेत: व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. प्रत्येकाचे आपले दुष्परिणाम आहेत, त्यामुळे कोणतं आणि द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही "रात्री चार वेळा उठतो, बनियन तीनदा बदलतो" असं आकड्यात सांगितल्याशिवाय त्यांना ते ठरवता येणार नाही.

स्नायू आणि थकवा

मी सगळ्यात जास्त जोर इथे देते, कारण इथे आपल्या हातात सर्वांत जास्त आहे.

सातव्या महिन्यात मुरांब्याची बरणी ह्यांच्याकडून उघडेना. त्यांनी दोनदा जोर लावला, मग टॉवेल गुंडाळून लावला, आणि बरणी ओट्यावर ठेवून काही न बोलता बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पस्तीस वर्षं ठाणे-सीएसटी लोकलला लटकून गेलेला माणूस. त्या दिवशी मला कळलं की वजन वाढतंय म्हणजे तब्येत सुधारतेय, हा माझा समज चुकीचा होता. वजन वाढत होतं ते चरबीचं. खाली स्नायू झिजत होते. टेस्टोस्टेरॉन गेलं की हे असंच होतं.

थकव्याचंही तसंच. हा थकवा झोपून जात नाही. विश्रांती घ्या, विश्रांती घ्या म्हणून आपणच माणसाला पलंगावर बसवतो आणि स्नायू आणखी झिजतात. हॉर्मोन थेरपीच्या थकव्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय व्यायाम हाच आहे, आणि त्यात नुसतं चालणं पुरत नाही, वजनाचा व्यायामही लागतो. थकवा एकदम वाढला तर मात्र हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या. या थेरपीत हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, पण दम लागत असेल तर "थोडं" म्हणून सोडायचं नाही.

आम्ही एका फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून आलो आणि घरी हे बसवलं.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवायची, म्हणजे सरकत नाही. पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, हात छातीवर घडी. हाताचा आधार न घेता उभं राहायचं आणि चार मोजत सावकाश बसायचं. धपकन बसलं तर तो मोजायचा नाही. पहिल्या दिवशी पाच झाले आणि मांड्या थरथरल्या. आज बारा-बाराचे दोन फेर होतात. दुसरा व्यायाम भिंतीला हात टेकून जोर काढण्याचा. तिसरा एक लिटरच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर-खाली करण्याचा. एक बाटली म्हणजे एक किलो, पुढे दोन लिटरच्या घ्या. चौथा, ओट्याला धरून टाचा उचलण्याचा, आणि त्याच जागी एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहण्याचा, तोल सुधारतो. प्रत्येक आठ ते बारा वेळा. सोमवार, बुधवार, शनिवार. मधल्या दिवशी स्नायूंना सुट्टी.

चालणं मात्र रोज. आठवड्याला दीडशे मिनिटांचं लक्ष्य ठेवा, म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग. हे सकाळी साडेसहाला कचराळी तलावाला जातात, ट्रॅक सपाट आहे, बसायला बाक आहेत, ओळखीची माणसं भेटतात. भर पावसात घरातल्या घरात, हॉल ते स्वयंपाकघर.

हाडांत आजार पसरलेला असेल तर यातलं काहीही सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा की कोणतं हाड कमकुवत आहे. अशा वेळी वजन घेऊन पुढे वाकणं, कमरेतून पिळणं, उड्या हे टाळावं लागतं. व्यायाम तरीही असतो, फक्त वेगळा.

व्यायामाला प्रथिनांची जोड हवी. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम किंवा थोडं जास्त लागतं, सत्तर किलोला सत्तर-ऐंशी ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ. म्हणजे वरण-भात-तूप-लिंबू हे आपलं आवडतं ताट एकट्याने पुरत नाही. आम्ही सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं घावन, दुपारी उसळ आणि दही, रात्री मासा किंवा पनीर असं बसवलं. कोणत्याही जेवणात प्रथिनं सुटली की मी वहीत फुली मारते.

बरणी पुन्हा कधी उघडली ते विचाराल. व्यायाम सुरू केल्यापासून पाचव्या महिन्यात.

हाडं, दात आणि बाथरूम

टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडांतलं खनिज कमी होत जातं, आणि मोडेपर्यंत काही दुखत नाही. म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, कमरेचा आणि खुब्याचा. सोसायटीत कॅम्प लावून टाचेवर करतात ती ही तपासणी नव्हे. रिपोर्टवर टी-स्कोअर असतो. उणे अडीच किंवा त्याहून खाली असला तर ऑस्टिओपोरोसिस. एक-दोन वर्षांनी स्कॅन पुन्हा करतात.

कॅल्शियम दिवसाला एकूण हजार ते बाराशे मिलिग्रॅम, अन्नातून आणि गोळीतून मिळून. "एकूण" हा शब्द महत्त्वाचा. आधी अन्नातलं मोजा. पाव लिटर दुधात तीनशेच्या आसपास, एका नाचणीच्या भाकरीत दीडशेच्या आसपास, चमचाभर तिळाच्या चटणीतही बऱ्यापैकी. मांदेलीसारखे काट्यासकट खायचे मासे चांगले. सुकटात मीठ फार, ब्लड प्रेशर असेल तर जपून. जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून, कारण जास्तीच्या कॅल्शियमने मुतखडे होऊ शकतात. व्हिटॅमिन डी आठशे ते हजार युनिट रोजचं पुरतं. साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात. ती संपल्यावर मेडिकलमधून आपल्याच मनाने वर्षभर आणत राहणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका, रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर त्याआधी डेंटिस्टकडे जा. दात काढायचा असेल, मुळं खराब असतील तर ते आधी उरकून घ्या. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, आणि ते दुखणं फार चिवट असतं. नंतर कधीही डेंटिस्टकडे गेलात तर खुर्चीत बसायच्या आधी या औषधाचं नाव सांगा. झोलेड्रॉनिकच्या पहिल्या सलाइननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते. डेनोसुमॅबची तारीख मात्र आपल्या मनाने पुढे ढकलायची किंवा सोडायची नाही. ते अचानक थांबलं तर मणक्याची हाडं पिचण्याचा धोका वाढतो.

आता बाथरूम. प्रोस्टेटचा माणूस रात्री दोन-तीनदा उठतो, अंधारात, झोपेत, ओल्या फरशीवर. पावसाळ्यात आमच्या पॅसेजमधली लादी नुसत्या हवेनेच ओली होते. भिंतीत स्टीलचा दांडा बसवा, टॉवेलचा रॉड नव्हे, तो माणसाचं वजन पेलत नाही. कमोडशेजारी एक, नळाशेजारी एक. रबरी मॅट, रात्रभर जळणारा छोटा दिवा, पायपुसण्याच्या घड्या आणि वायर वाटेतून बाहेर. घरातली गुळगुळीत झालेली स्लिपर फेकून द्या. हे सगळं एका रविवारात होतं.

तंबाखू आणि दारू हाडांची वैरी आहेत, पुढच्या भागातल्या हृदयाचीसुद्धा.

पोट, साखर, हृदय

पोटावर चरबी चढते आणि इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा घालायला लावला. म्हणून पहिल्या वर्षी साखर दर तीन महिन्यांनी बघा, इंजेक्शनच्या दिवशीच केली की विसरत नाही. ब्लड प्रेशर घरच्या मशीनवर आठवड्यातून एकदा. आधीपासून मधुमेह असेल तर चालू गोळ्या अपुऱ्या पडू शकतात, साखरेच्या डॉक्टरांना या थेरपीची कल्पना हवीच.

ह्यांची कंबर आठ महिन्यांत ८९ वरून ९५ झाली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही लक्ष्मणरेषा मानतात. भात निम्मा केला, भाकरी वाढवली, संध्याकाळचा फरसाण-चिवडा डब्यातून हद्दपार झाला आणि त्या जागी भाजलेले चणे आले. कंबर आता ९१ आहे. ९० च्या आत आणायचीच आहे.

छाती

बायकॅल्युटामाइडच्या गोळीवरच उपचार असतील तर छाती दुखरी होते आणि वाढते. इंजेक्शनने हे कमी प्रमाणात होतं. एकदा वाढलेली छाती मागे फिरणं कठीण असतं, म्हणून गोळी सुरू करायच्या आधीच विचारा. छातीवर थोडं रेडिएशन किंवा टॅमॉक्सिफेन देऊन ते रोखता येतं. सैल सुती बनियन घाला. एकाच बाजूला कडक गाठ लागली तर लगेच दाखवा.

नवरा-बायकोचं

हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. मग वाटलं, कोणी लिहीत नाही म्हणूनच घराघरांत माणसं गप्प होतात.

इच्छा जाते. शरीर साथ देत नाही ती वेगळी गोष्ट, इथे इच्छाच उरत नाही. वृषणं लहान होतात, लिंगही आकसतं, अंगावरचे केस विरळ होतात. पुरुषाला हे आधी सांगितलेलं नसेल तर तो आरशासमोर एकटा घाबरतो. बायकोला वाटतं, आपलं काही चुकलं. आमच्याकडे चार महिने असेच गेले. हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि मी माझी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले होते, त्यांना वाफांमुळे मोकळी जागा हवी म्हणून. त्यांना वाटलं, मी दूर गेले.

बोललो ते एकदाच, पण तास-दीड तास. माझी उशी परत आत आली. जवळीक म्हणजे फक्त एकच गोष्ट, असं चाळीस वर्षांच्या संसारात मानायची सवय झालेली असते. पाठीला तेल चोळणं, हात धरून तलावपाळीवर फिरणं, एकाच पांघरुणात पडून बातम्या ऐकणं, याची नव्याने सवय करावी लागते.

ज्यांना शरीरसंबंध हवे असतील त्यांनी युरोलॉजिस्टला सरळ विचारावं. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या रक्तप्रवाह वाढवतात, इच्छा आणत नाहीत. व्हॅक्यूम पंप हाही पर्याय आहे. पण छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल मुळीच नको, ब्लड प्रेशर जिवावर बेतेल इतकं उतरतं. आणि वाटेवरच्या पोस्टरवरची "ताकदीची" औषधं, टेस्टोस्टेरॉन वाढवतो म्हणून विकले जाणारे शिलाजीत-अश्वगंधाचे टॉनिक घरात आणू नका. जे रक्तातून काढून टाकण्यासाठी आपण इंजेक्शन घेतोय, तेच वाढवायचा दावा ती करतात. मुलाने किंवा जावयाने प्रेमाने आणून दिलं तरी नको म्हणा, आणि डॉक्टरांना बाटली दाखवा.

मन

भाचीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी हे हमसून रडले. चाळीस वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही. नातेवाईकांनी आजाराचं दुःख म्हणून समजूत काढली. दुःख होतंच, पण हॉर्मोन्स गेले की अश्रू आणि राग दोन्ही कडेला येऊन थांबलेले असतात. लक्षात न राहणं, शब्द न आठवणं हेही काहींना होतं. यादी करा, औषधं वारांच्या डबीत भरा, एका वेळी एकच काम.

रडू येणं वेगळं आणि नैराश्य वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, जेवण नको, कोणाशी बोलणं नको, पहाटे तीनला जाग येऊन डोक्यात काळे विचार, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्याला औषध आहे. "जगून काय करू" हे शब्द एकदा जरी ऐकले तरी त्यांना एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

गोळ्या जोडल्या असतील तर

काहींना इंजेक्शनसोबत कॅन्सरची गोळीही देतात. त्यातली ॲबिराटेरॉन उपाशीपोटीच घ्यायची, जेवल्यावर किमान दोन तासांनी आणि पुढचं खाणं किमान एक तासाने. अन्नासोबत घेतली तर रक्तात औषध भलतंच वाढतं. सोबतची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका. हिच्यात ब्लड प्रेशर, पायांची सूज, पोटॅशियम आणि लिव्हर यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. एन्झालुटामाइड आणि अपालुटामाइडने थकवा आणि तोल जाऊन पडणं वाढतं, बाथरूमचं वर लिहिलेलं म्हणून दुप्पट महत्त्वाचं. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते आवर्जून सांगा. अपालुटामाइडने अंगावर पुरळ येतं, थायरॉइडही तपासावं लागतं.

येणं-जाणं, खर्च

ठाण्याहून टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या खारघर केंद्रात जायचं असेल तर ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल थेट खारघरला जाते, परळच्या मुख्य हॉस्पिटलची गर्दी टळते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येतं, आजाराचा कागद खिशात ठेवा. हे सुरुवातीला त्या डब्यात चढायला तयार नव्हते. वाफ आली आणि गर्दीत बसायला जागा नाही, असं एकदा झाल्यावर चढले. लांबच्या गाडीच्या तिकिटातही रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला सवलत आहे, रेल्वेचा छापील फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचे उपचार बसतात का, ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर बिलं घेऊन गेलात तर उपयोग होत नाही. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत फार मोठा फरक असतो, तेव्हा "यातलं स्वस्त कोणतं चालेल?" हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको. साध्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा.

थेरपी ठरावीक मुदतीची असेल तर शेवटच्या इंजेक्शनबरोबर त्रास संपत नाहीत. टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागतात, वय जास्त असेल तर कधी पूर्ण येतही नाही. खुर्ची, बाटल्या, नाचणी तोवर चालूच ठेवायची. त्रास असह्य झाला म्हणून आपणहून इंजेक्शन सोडू नका. काही रुग्णांना मध्ये खंड देऊन थेरपी देता येते, पण ते पीएसए बघून डॉक्टर ठरवतात.

तारखेची वाट बघायची नाही असं

पाठीत नवीन, सतत वाढणारं दुखणं आणि त्यासोबत पायांत ताकद कमी वाटणं, मुंग्या, बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं: मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच रात्री हॉस्पिटल. उशीर झाला तर पाय कायमचे जातात. छातीत दाब, जबड्यात-हातात कळ, दम लागणं. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखणं. लघवी पूर्ण अडणं. पडल्यावर खुब्यात कळ येऊन उभं राहता न येणं. यातलं काहीही झालं तर फॅमिली डॉक्टरच्या संध्याकाळच्या वेळेपर्यंत थांबू नका, १०८ लावा.

अशा वेळी कागद सापडत नाहीत. आमच्याकडे दाराशेजारच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा पीएसए, इंजेक्शनचं नाव आणि तारीख, चालू गोळ्यांची यादी, आधारची झेरॉक्स, दोन हजार रुपये सुटे आणि मोबाइलचा चार्जर. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनाही ती कुठे आहे ते माहीत आहे.